एक ठोका म्हणजे बसला

१

शाळा सुटली की टाचणी घरी न जाता सायकल थेट धावपट्टीकडे वळवायची. धावपट्टी लहान विमानांची होती. तिच्या कडेला पत्र्याच्या सहा शेड होत्या, त्यांतली शेवटची बाबांची. आत शिरलं की दप्तर खुंटीला, बूट दाराशी, कानांवर जाड कानबंद, आणि मग पोटावर सरपटत विमानाच्या शेपटीत.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, आणि तिथंही ती 'हजर' इतकं हळू म्हणायची की बाई पुन्हा विचारायच्या. अंगानं बारीक आणि कुठल्याही फटीत मावणारी, म्हणून घरात टाचणी.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. "वीस वर्षं लोकांना वर नेतोय आणि लगेच खाली आणून सोडतोय," ते म्हणायचे. "एकदा तरी वर गेल्यावर जरा थांबायचंय." पाच वर्षांपूर्वी त्यांनी सुट्या भागांचं विमान मागवलं होतं. लाकडी खोक्यांतून पत्रे आले, नळ्या आल्या, उशीएवढं जाड पुस्तक आलं आणि पत्र्याला पत्रा जोडायचे रिव्हेट पिशव्या भरभरून आले. विमान दोघांचं होतं, शेजारी शेजारी बसायचं.

रिव्हेट एकट्यानं ठोकता येत नाही. बाहेरचा माणूस हवेच्या बंदुकीनं त्याच्या डोक्यावर मारतो आणि आतला माणूस मागून लोखंडी ठोकळा दाबून धरतो, तेव्हा आतलं टोक चेपून बटणासारखं पसरतं. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आतला माणूस ठोकळ्यानं पत्र्यावर ठोके देतो. एक ठोका म्हणजे बसला. दोन म्हणजे अजून मार. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक.

चार वर्षं आतला माणूस ताई होती, टाचणीची मोठी बहीण. ती डावखुरी होती, त्यामुळे तिचा ठोकळा किंचित कलायचा आणि तिनं धरलेल्या प्रत्येक रिव्हेटचं बटण एका अंगाला जरासं झुकलेलं असायचं. "तुझे रिव्हेट टोपी तिरकी घालून लग्नाला निघाल्यासारखे दिसतात," बाबा म्हणायचे. तिचा ठोका मात्र टणक, दारावर थाप मारल्यासारखा. गेल्या वर्षी तिला ताप आला आणि अकराव्या दिवशी ती गेली. शेड दहा महिने बंद राहिली. मग एका रविवारी बाबांनी कुलूप उघडलं आणि आत मावेल असं घरात एकच माणूस उरलं होतं.

टाचणीला ते काम आवडलं. तिथं बोलावं लागत नव्हतं. फक्त तिचं मनगट कच्चं होतं, ठोका देण्याआधी ठोकळा पत्र्यावर जरा घासला जायचा. "तुझा ठोका चोरपावलांनी येतो," बाबा म्हणायचे.

दुसऱ्याच आठवड्यात शेपटीच्या अगदी टोकाला, जिथं तिचा खांदाही अडकत होता, तिथं तिचा ठोकळा घसरला. रिव्हेट पसरायच्या ऐवजी खिळ्यासारखा वाकला. तिथले रिव्हेट काढायचे म्हणजे भोकं मोठी होणार, तो भाग पुन्हा मागवावा लागणार, आणि शेड पुन्हा दोन महिने बंद. तेवढ्यात बाहेरून तिला शीळ ऐकू आली. बंदूक थांबवून बाबा शीळ घालत होते. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच.

टाचणीनं एक ठोका दिला. मग पुढचाही वाकला, त्यालाही एक, त्याच्या पुढच्यालाही, आणि चौथ्यालाही.

२

दोन महिन्यांनी शाळेत प्रयोगाची परीक्षा होती, म्हणून तिला शेडवर पोचायला दीड तास उशीर झाला. दार उघडंच होतं. बाबा कानबंद गळ्यात अडकवून घाम पुसत होते.

"संपली एकदाची ती खालची रांग," ते विमानाकडे बघत म्हणाले. "आज काय हात बसलाय तुझा. एकदाही दोन ठोके नाहीत."

टाचणी दारातच उभी होती. पायात बूट होते, पाठीवर दप्तर होतं.

"बाबा, मी आत्ता येतेय."

बाबांनी वळून पाहिलं. तिच्या बुटांकडे पाहिलं, मग शेपटीच्या काळ्या तोंडाकडे.

"हो का," ते म्हणाले. मग बंदुकीची नळी गुंडाळायला लागले. रोज सैल गोल गुंडाळी करायचे, त्या दिवशी हातांना ते जमेना.

खालच्या रांगेत काल संध्याकाळी अडतीस भोकं रिकामी होती. ती टाचणीनं स्वतः मोजली होती.

३

टाचणी उगाच घाबरणाऱ्यांतली नव्हती. विज्ञानात तिला बरे गुण असायचे. तिनं सरळ विचार केला की बाबांनी कोणाची तरी मदत घेतली असणार. शेजारच्या शेडमध्ये प्लंबरकाका आपलं जुनं, बिनइंजिनाचं ग्लायडर नीट करत बसायचे. तिनं त्यांना गाठलं.

"मी? त्या बोगद्यात?" काकांनी स्वतःच्या पोटावर थाप मारली. "हे आत गेलं तर बाहेर काढायला तुझ्या बापाला दुसरं विमान मागवावं लागेल. का गं?"

"काही नाही."

"आज तूच होतीस ना आत? ठोके ऐकू येत होते मला. चांगले ठणठणीत."

मग तिनं बाबांचा हात मोजला, ते खुर्चीत डुलकी घेत असताना, सुतळीनं. खांद्यापासून बोटांपर्यंत. ती सुतळी तिनं शेपटीच्या तोंडातून आत धरली. रांग जिथं सुरू होत होती तिथपर्यंतसुद्धा ती पोचली नाही.

शेवटी ती बॅटरी घेऊन आत गेली. आत नेहमीसारखा धातूचा आणि पत्र्याला आधी लावायच्या हिरवट प्रायमरचा वास होता. अडतीस रिव्हेट ओळीत बसले होते, सफाईनं, एकही वाकडा नव्हता. फक्त प्रत्येकाची टोपी तिरकी होती. सगळ्या एकाच अंगाला.

ती उलटी सरपटत बाहेर आली. गुडघे सोलवटले तेही तिला घरी गेल्यावर कळलं.

४

आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. शेडमध्ये ती वर्षभर फिरकली नव्हती.

"आई, बाबा शेडमध्ये एकटेच बोलतात का?"

"घरात बोलत नाहीत म्हणजे कुठंतरी बोलत असणार." आई भाजी चिरत होती. "एका मुलीची चार वर्षं त्या डब्यानं खाल्ली. दुसरीची किती खाणार ते विचारून ये."

"ताईला आवडायचं ते."

आईची सुरी थांबली. "तिला आवडायचं. तुला आवडतं का?"

टाचणीला त्या चार रिव्हेटांबद्दल तेव्हाच सांगायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण बाहेरून बाबांच्या चपलांचा आवाज आला, आणि आईनं पुन्हा सुरी चालवायला घेतली.

त्यानंतर बाबांनी तिला आत जायला सांगितलंच नाही. ती शेडवर जायची, चिंध्या धुवायची, झाडायची. बाबा बंदूक मारायचे, थांबायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि पुढचा रिव्हेट लावायचे. टाचणी तेव्हा कानबंद काढायची नाही. ऐकलं नाही तर नाहीच, असं तिनं ठरवलं होतं.

अवजारांच्या फळ्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा बाबांनी पेन्सिलीनं काढून ठेवली होती, म्हणजे काय हरवलं ते लगेच दिसावं. ठोकळ्याची जागा सकाळ-संध्याकाळ रिकामी असायची.

"ठोकळा कुठंय, बाबा?"

"कामात आहे," बाबा म्हणाले.

५

शेपटी बंद करण्याआधी विमानांचा तपासनीस आला. गळ्यात चष्मा, हातात मोजपट्टी, कामाचा पक्का माणूस. त्यानं निम्मं अंग आत घालून पाहिलं आणि बाहेर येऊन कपडे झटकले.

"ठोकळा कोण धरतं?"

"मुलगी," बाबा म्हणाले.

"ही?" त्यानं टाचणीकडे पाहिलं. "डावखुरी आहेस वाटतं."

टाचणीनं उजवा हात पाठीमागे नेला. शेपटीच्या अगदी टोकाला त्याची बॅटरी पोचली नव्हती हे तिला माहीत होतं. तिथं पाहायला आरसा लागतो.

"काही विचारायचंय का, बाळ?"

बाबा तिच्याकडे बघत होते. रागानं नाही. दहा महिने बंद असलेल्या घराची खिडकी उघडी राहावी म्हणून कुणी बघतं तसे. तिनं नकारार्थी मान हलवली.

तपासनीस गेला. संध्याकाळपर्यंत शेवटचा पत्राही बसला. आता शेपटीत शिरायला तोंड नव्हतं, बाजूला तळहाताएवढं एक तपासणीचं भोक होतं, त्यावर चार स्क्रूंचं झाकण. बाबा घरी निघाले. टाचणीनं दिवा बंद केला आणि दाराला कुलूप लावायला हात वर केला.

आतून तीन ठोके आले.

टणक, दारावर थाप मारल्यासारखे. थोडं थांबून पुन्हा तीन. शेपटीच्या टोकाकडून.

पत्रा दिवसभर तापतो आणि उन्हं उतरली की आखडतो, त्याचा आवाज होतो. हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. सायकलवरून घरी जाताना तिनं ते वाक्य मनात इतक्या वेळा म्हटलं की शेवटी त्याचे नुसते शब्द उरले.

६

रंग ताईनं निवडला होता. रंगवाल्याकडून आणलेल्या शंभर नमुन्यांतला एक नारिंगी तुकडा तिनं शेडच्या भिंतीला चिकटवला होता आणि वर लिहिलं होतं, 'हाच. चर्चा नको.'

धूळ उडू नये म्हणून टाचणीनं फरशीवर पाणी शिंपडलं. पत्रा पुसला, काचांवर कागद लावले. बाबांनी तोंडाला मुखवटा बांधून फवारा धरला आणि नाकापासून शेपटीपर्यंत एकसारखे हात मारत गेले. दुपारपर्यंत विमान ओलं, चकचकीत नारिंगी झालं. आरशासारखं. टाचणीला त्यात स्वतःचा चेहरा दिसला, लांबुळका आणि केशरी.

"आता श्वाससुद्धा हळू घे," बाबा म्हणाले. "सहा तास हात लावायचा नाही."

ती कोपऱ्यातल्या डब्यावर बसून राहिली. रंग सगळीकडे सारखाच सुकायला हवा होता. पण तासाभरानं शेपटीच्या बाजूला एक डाग आधी मंद पडला. मग त्याच्याशेजारी दुसरा. बाकीचा पत्रा अजून ओला, चमकता, आणि त्यात हे दोन सुकलेले डाग. पत्रा जिथं गरम असतो तिथं रंग आधी सुकतो, हेही तिला माहीत होतं.

डागांना बोटं होती. पाच आणि पाच, ताणलेली. आतून कुणी दोन्ही तळहात पत्र्याला टेकवून बसावं तशी.

"बाबा," ती म्हणाली.

बाबा तिच्या आधीच तिथं येऊन उभे होते. मुखवटा त्यांनी कपाळावर सरकवला होता. ते हसत नव्हते, पण त्यांचा चेहरा सैल पडला होता, लांबच्या प्रवासातलं माणूस स्टेशनवर दिसल्यासारखा. हळूहळू सगळा रंग सुकला आणि डाग त्यात मिसळून गेले.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा जेवायला घरी गेले तेव्हा टाचणीनं झाकणाचे चार स्क्रू काढले. दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा तिच्याकडे होता. तिनं एका हातानं बॅटरी धरली आणि आरसा आत सरकवला.

आधी हिरवट पत्रा दिसला. मग तिरक्या टोप्यांची रांग. तिनं आरसा टोकाकडे वळवला. तिथं तिचे चार वाकडे रिव्हेट होते, मान मोडल्यासारखे, आणि त्यांच्या भोवतालच्या पत्र्यावर पोचे पडले होते. शेकडो बारीक पोचे, तीन-तीनच्या गटांत. ठोकळ्याच्या कोपऱ्यानं पडावेत तसे.

मग आरशातला उजेड गेला. बॅटरी चालू होती, तिचा उजेड भोकाच्या कडेवर दिसत होता. आरशासमोर काहीतरी आलं होतं. अगदी जवळ. त्यावर नखासारखी एक चंद्रकोर होती.

तिनं आरसा सोडून दिला. तो आत पडायला हवा होता, पण पडल्याचा आवाज आला नाही.

बाबा परतले तेव्हा ती धावपट्टीच्या कडेला बसली होती. तिनं सगळं सांगितलं. घसरलेला ठोकळा, चार रिव्हेट, चार खोटे ठोके. आयुष्यात ती इतकं सलग कधी बोलली नव्हती.

"माहितीय मला," बाबा म्हणाले. "कधीपासून सांगतेय ती. तीन, तीन, तीन."

"मग उघडा ना शेपटी."

बाबांनी जमिनीवरचा एक खडा उचलला, पुन्हा ठेवला. "उघडली की जाईल ती."

"बाबा, लिफ्टचा एक बोल्ट सैल असला तर तुम्ही अख्ख्या इमारतीला जिन्यानं चढायला लावता."

"त्यात लोक असतात गं."

"आणि यात?"

"यात आम्ही दोघंच," बाबा म्हणाले. ते फार मायेनं म्हणाले. त्या आकड्यात आपण नाही, हे टाचणीला नंतर उमगलं.

८

त्या संध्याकाळी तिनं आईला सांगितलं. ठोक्यांचं आणि हातांचं नाही, फक्त चार रिव्हेटांचं. आईनं तिला जवळ घेतलं नाही की रागावलीही नाही. सरळ तपासनिसाला फोन लावला. तो म्हणाला, सकाळी दहाला येतो, तोवर विमान हलवू देऊ नका.

बाबा न्हाणीघरातून डोकं पुसत आले. "कोणाचा फोन?"

"दुकानातला," आई म्हणाली. आईला खोटं बोलता यायचं नाही. ते घरात फक्त टाचणीला जमायचं.

सकाळी उठून पाहिलं तर बाबांचा कप धुऊन पालथा घातलेला होता. आई प्लंबरकाकांना फोन लावत राहिली आणि टाचणीनं सायकल काढली.

विमान शेडबाहेर होतं. इंजिन सुरू होतं. कोवळ्या उन्हात तो नारिंगी रंग इतका सुंदर दिसत होता की तिला रडू आलं. बाबांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पट्टा बांधलेला होता, घट्ट, नीट ओढून.

ती विमानासमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. हातानं खूण केली, बाजूला हो. ती हलली नाही. मग त्यांनी मागे वळून खुर्चीमागच्या पत्र्यावर बोटाच्या पेरानं एकदाच ठोकलं. इंजिनाच्या आवाजात ते ऐकू आलं नाही, पण तिला दिसलं. एक ठोका. बसला. आणि विमान एका चाकावर गर्रकन वळून तिच्या बाजूनं निघून गेलं.

शेपटी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली. तिचा पत्रा आतबाहेर होत होता. तीनदा. मग पुन्हा तीनदा. ती शेपटीमागे धावत सुटली. "ताई, सांग ना त्यांना," असं ती ओरडत होती. तिचा आवाज इतका मोठा आहे हे तिला तोवर माहीत नव्हतं.

विमान उचललं गेलं. पाण्याच्या टाकीवरून वळलं. नारिंगी ठिपका थोडा वेळ दिसत राहिला. मग इंजिनाचा आवाज एकटाच थोडा वेळ चालू राहिला, आणि मग तोही नाही.

९

आधी बाबांना आणलं. शेपटी चौथ्या दिवशी सापडली, बाकीच्या भागापासून फार लांब.

तपासनिसानं ती शेडमध्ये ठेवून तपासली. चार रिव्हेट निघाले होते आणि तिथून पत्रा फाटत गेला होता. फाटत फाटत तिरक्या टोप्यांच्या रांगेपाशी येऊन थांबला होता.

"ही रांग ज्यानं कोणी केली," तो आईला म्हणाला, "त्यानं शेवटपर्यंत धरून ठेवलं होतं." आत एक लोखंडी ठोकळा मिळाला आणि दांड्याचा एक आरसा. बाकी काही नाही. आरशाला तडासुद्धा गेला नव्हता.

महिन्याभरानं शेड रिकामी झाली. शेपटी नेली, बंदूक आणि हवेची टाकी काकांनी नेली. किल्ली परत करायच्या दिवशी टाचणी एकदा आत गेली. दुपार होती, पत्र्याच्या फटींतून उन्हाच्या रेघा फरशीवर पडल्या होत्या. फळ्यावर पेन्सिलीच्या बाह्यरेषा तेवढ्या राहिल्या होत्या, आणि भिंतीवर तो नारिंगी तुकडा. तिनं दप्तर खुंटीला लावलं. सवयीनं.

मागच्या भिंतीतून बंदुकीचा घर्रर्र आवाज आला. मग शांतता. बाहेरचा माणूस उत्तराची वाट पाहतो तेव्हा असते तेवढीच.

टाचणी भिंतीकडे वळली, थोड्या आशेनं. ताई असेल, तिला वाटलं. ताई तीन ठोके देईल आणि या वेळी बाबा ऐकतील.

पत्र्यावर काहीतरी जरासं घासलं गेलं. आणि हलकेच, चोरपावलांनी, एक ठोका आला.

स्वतःचं अक्षर ओळखू यावं तसा तो तिला ओळखू आला. तिचे दोन्ही हात तिच्यासमोर होते, रिकामे.

पुन्हा घर्रर्र. पुन्हा घासून एक ठोका.

ती भिंतीकडे धावली आणि मुठीनं तीनदा मारलं. मग पुन्हा तीनदा. हाताची सालटी निघाली. पलीकडे कुणी थांबलं नाही. तिसरा रिव्हेट बसला. चौथा बसला.

आणि पत्र्याच्या पलीकडे बाबा आनंदानं शीळ घालू लागले.